भजनी मंडळात बेस गिटार वाजवायचीय, कुणाच्या कानाला त्रास न देता. कसं करू?

चारतारी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे पण हसायच्या आधी पूर्ण वाचा.

कॉलेजात चार वर्षं रॉक बँडमध्ये बेस (खालच्या सुरांची चार तारांची गिटार) वाजवायचो, मग नोकरी, लग्न, गिटार माळ्यावर. दोन वर्षांपूर्वी सासरे आमच्याकडे पुण्याला राहायला आले आणि त्यांना सोडायला-आणायला म्हणून मी दर गुरुवारी कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात भजनाला जायला लागलो, आणि मग बसायलाच लागलो. सासरे टाळ घेतात, मी मागे भिंतीला टेकून टाळ्या. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी बुवांना सांगितलं की जावईबापू गिटार वाजवतात, बुवा म्हणाले आणा की मग, आणि मी खुळ्यासारखा आणली. बुवांना वाटलेलं साधी लाकडी गिटार असेल. मी बेस आणि त्याच्यासोबत २५ वॉटचा अँप घेऊन दारात उभा, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता, पण माणूस सभ्य, म्हणाले बसा.

तिथे असतं काय तर एक पेटी, एक पखवाज, कधीतरी तबला, आठ-दहा टाळ, आणि एकतारी घेतलेले एक आजोबा. माइक फक्त बुवांना आणि पेटीला. बुवा काळी एकला गातात, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. खोली म्हणजे मंदिराचा सभामंडप, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा.

आता दोन किस्से सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. पहिल्या दिवशी मी आवाज अगदी कमी ठेवला होता असं माझं मत. पहिल्याच अभंगाला खालचा पंचम, म्हणजे प, धरला आणि देवासमोरच्या आरतीच्या ताटातली पळी झुणझुणायला लागली. खरंच. दोन आज्या वळून बघायला लागल्या की हे कुठून येतंय. पखवाजवाले काका नंतर नुसतं एवढंच म्हणाले, "तुमचं ते घुमतंय हो, मला माझा हात ऐकू येत नाही."

दुसरा किस्सा त्याहून वाईट. मालकंस रागातला अभंग. बेसवर काळी एकचा सा चौथ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) येतो आणि रॉकची सवय अशी की सा वाजवला की त्याच्या वरच्या जाड तारेवर त्याच फ्रेटला बोट आपोआप जातं, तिथे पंचम. मालकंसात पंचम नसतो हे मला माहीत होतं, अगदी बसायच्या आधी सासऱ्यांशी त्यावर बोललो पण होतो, तरी हात गेलाच, आणि एकदा नाही, प्रत्येक समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला. पेटीवाल्या काकांनी भाता तसाच चालू ठेवून माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिनाभर मी परत टाळ्यांवर. पण मन होत नाही सोडायला, कारण मध्ये एकदा एका अभंगात चार-पाच आवर्तनं अशी गेली की बेस, एकतारी आणि बुवांचा खर्ज असं एकच काहीतरी झालं आणि मलाच कळेना मी वाजवतोय की नाही. ते परत पाहिजे. तर कुणी असं अकूस्टिक बैठकीत, भजनात, लोकगीतांत, कशातही, बेस वाजवलाय का? काय वाजवायचं, किती वाजवायचं, आणि मुख्य म्हणजे कधी नाही वाजवायचं?

कणीक_आणि_पाणी

मी पखवाज वाजवतो. सिंधुदुर्ग. डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) पण बसतो त्यामुळे आवाजाची सवय आहे, तरीही तुमच्या काकांची बाजू घेणार.

पखवाजाच्या डाव्या पुडीला आम्ही ओली कणीक लावतो हे तुम्ही बघितलं असेल. ती कशासाठी, तर डावी बाजू खाली उतरावी आणि घुमावी म्हणून. म्हणजे त्या मंडपात खालच्या आवाजाची जागा आधीच भरलेली आहे, आणि तिथे बसलेला माणूस गेली तीस वर्षं बसलाय. तुम्ही तिथे जाऊन लांब सूर धरलात की त्याच्या 'धा'चं पोट जातं, राहते ती नुसती टपली. "माझा हात ऐकू येत नाही" म्हणजे तेच.

करायचं काय तर पहिलं म्हणजे बसायची जागा बदला. टाळकऱ्यांच्या मागे भिंतीला बसू नका, पखवाजवाल्याच्या डाव्या हाताला बसा, हात दिसला पाहिजे. त्याचा डावा पंजा उघडा पडला की आवाज घुमतो, दाबून पडला की बंद. तुमचा सूर त्याच्याबरोबर सुटला आणि त्याच्याबरोबर थांबला पाहिजे. सूर सुरू कधी करायचा हे सगळ्यांना जमतं हो, थांबवायचा कधी ते बघा.

दुसरं. आठ मात्रांच्या ठेक्यात समेला एक आणि पाचव्या मात्रेला एक, बस. पहिले दोन महिने याच्या पुढे जाऊच नका. मध्ये भरायला आम्ही आहोत. ठेका दुगुणीत गेला, गजर चढला, टाळ उभे राहून वाजायला लागले की तुम्ही एकदम सोडून द्या, तेव्हा कुणाला बेस ऐकू येत नाही आणि तुम्ही आवाज वाढवायला जाल. तिथेच माती होते. आणि बुवा ताल सोडून नुसता आलाप घेत असतील तेव्हा हात मांडीवर.

अजून एक, हे कुणी सांगणार नाही. तास-दीड तासाने कणीक सुकते आणि डावी बाजू वर चढते. मग काका पाण्याचा हात लावतात. ते लावेपर्यंत तुमचा सूर आणि त्यांची डावी बाजू भांडत राहणार, तेव्हा तुम्ही आपला जरा दम खा. चहा प्या.

वीणेकरी

मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये म्हणून विचारतो. बेस कशाला पाहिजे? एकतारी आहे, पेटीला खर्जाच्या सुराची पट्टी असेल तर खालचं सप्तक पेटीतच आहे, पखवाज आहे. उणीव नक्की कसली भरून काढताय? तुम्हाला वाजवायचंय ही तुमची हौस झाली, अभंगाची गरज नाही.

कोल्हापूरचा_साउंडवाला

वीणेकरी काका, पेटी पण युरोपातनंच आली की. रेडिओनं १९४० पासनं १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातलेली, आपल्या संगीताला चालत नाही म्हणून. आज पेटीशिवाय भजन करून दाखवा बघू.

असो. भावा चारतारी, मी साउंडचं काम करतो, बेस पण वाजवतो, तुझा निम्मा लोच्या हाताचा नाहीच, अँपचा आणि तारांचा हाय. ऐक.

अँप कुठं ठेवलेलास? पैज लावतो कोपऱ्यात, फरशीवर, भिंतीला चिकटून. सगळ्यात वाईट जागा. भिंत आणि फरशी मिळून खालचा आवाज फुगवतात, कोपऱ्यात तर लईच. आणि तू अँपच्या म्होरं बसलास तर तुझ्या कानाला काही येत नाही, आवाज गुडघ्याला जातोय, म्हणून तू वाढवतोस, तिकडं पळी नाचतीय. अँप प्लास्टिकच्या स्टुलावर ठेव, भिंतीपासनं लांब, आणि तोंड तिरकं वर तुझ्या कानाकडं कर. तुझ्या कानाला टोचाय लागला की तू आपोआप कमी करतोस.

दुसरं, तारा. तुझ्याकडं राउंडवाउंड असणार, रॉकवाल्या, टणटणीत. फ्लॅटवाउंड घाल, वरनं गुळगुळीत असतात त्या. महाग येतात पण वर्षानुवर्षं टिकतात, आणि बोट सरकवताना ती चर्रर्र होत नाही, अकूस्टिक बैठकीत ती चर्रर्र लई वाईट ऐकू येती. तोवर आजच्या आज फुकट उपाय म्हणजे भांडी घासायचा नवा स्पंज आण, मऊ बाजूची पट्टी काप आणि ब्रिजजवळ (तारा बुडाशी टेकतात तिथं) तारांखाली घाल. सूर सुटला की लगेच मरतो, 'डुम्' असं येतं, 'डुंऽऽऽग' नाही. पखवाजवाल्या भावानं वर जे सांगितलंय थांबवायचं, ते निम्मं स्पंजच करतोय बघ. टोनचा नॉब पूर्ण बंद. बोटानं न वाजवता अंगठ्याच्या मांसल भागानं, पंजाची कड ब्रिजवर टेकवून वाजव.

अँपवर ईक्यू (खालचा-वरचा आवाज वेगळा कमी-जास्त करायची सोय) असेल तर ६० हर्ट्झच्या खालचं काप. "बेसमधनं बेस काढू?" म्हणशील. काढ. पत्र्याच्या मंडपात ते सूर म्हणून ऐकूच येत नाही, नुसतं थरथरतंय. तुझा तो खालचा पंचम ५२ हर्ट्झच्या आसपास येतोय, तोच पळीला लागला. आणि २०० च्या आसपास जरा कमी कर, तिथं पखवाजाचा आणि बुवांच्या छातीचा आवाज हाय, त्यांना जागा दे.

आणि काय पण कर, बेस मंडळाच्या कॉलम स्पीकरमध्ये घालू नको. ते बोलण्या-गाण्याच्या आवाजासाठी असतात, कोन फाटला की वर्गणीतनं नवीन आणायचा आणि तुझं नाव पाच वर्षं निघत राहणार. एका गावात डोळ्यांनी बघितलंय.

वीणेकरी

साउंडवाले, पेटीचा दाखला मला ठाऊक आहे, दर वेळी तोच देतात. फरक सांगतो. पेटी गळ्यामागून जाते. बुवांनी जागा (हरकत) घेतली की पेटीवाला अर्धा क्षण मागे राहून ती उचलतो, त्याला साथ म्हणतात. बेसवाल्याला शिकवलेलं असतं की पुढचा कॉर्ड (सुरांचा गट) कुठला ते आपण आधी सांगायचं आणि गाणाऱ्याने त्यावर यायचं. म्हणजे बेस गळ्याआधी जातो. अभंगात गळ्याआधी कुणी जात नाही, पखवाजसुद्धा नाही. माझी हरकत वाद्याला नाही, या सवयीला आहे.

चारतारी

वीणेकरी काका, हे लागलं. अगदी बरोबर जागी लागलं. मी घरी बसून प्रत्येक अभंगाचे कॉर्ड लिहून काढले होते वहीत. बुवा एखादे दिवशी दुसऱ्याच ओळीवर फिरून यायचे आणि मी आपला वहीप्रमाणे पुढे.

पावसाळी_गॉलवे

दादा, मी आयर्लंडमध्ये असते, मूळची नाशिकची, आणि इथे गेली सहा वर्षं पबमधल्या सेशनला जाते. मी पण बेसवालीच. तुमचा प्रश्न वाचून हसले नाही, उलट डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, कारण पहिल्या वर्षी माझं हेच सगळं झालंय, पळी सोडून.

इथलं सेशन म्हणजे काय तर टेबलाभोवती सहा-सात जण, फिडल, बासरी, टिनव्हिसल, कॉन्सर्टिना (हातातली छोटी पेटी), एखादा बोडरान (इथला डफ), एखादी गिटार किंवा बुझुकी (मूळचं ग्रीक तंतुवाद्य). कुणीतरी एक ट्यून सुरू करतो, न सांगता, आणि ज्याला येते तो मिसळतो. सगळे तीच चाल वाजवतात, आपापल्या हरकती घालून. ट्यूनचे दोन भाग, आठ-आठ बारचे, प्रत्येक भाग दोनदा, अशी पूर्ण ट्यून साधारण तीनदा आणि मग न थांबता दुसरी ट्यून. कॉर्ड कुणी ठरवलेले नसतात. चाल हीच मालकीण. कॉर्ड हा प्रकारच नंतर चिकटलेला आहे, बुझुकीसुद्धा इथे १९६० च्या दशकात आली आणि आता जणू कायमचीच.

मी पहिल्या दिवशी बेस आणि छोटा अँप घेऊन गेले, न विचारता. कुणी काही बोललं नाही, इथे बोलत नाहीत, फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पुढच्या सेटला उठून टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला. घरी येऊन आईला फोन केला, आई म्हणाली अगं आधी विचारायचं नाही का, लग्नात जेवायला जाताना आपण स्वतःचा स्वयंपाकी घेऊन जातो का.

नंतर जे शिकले ते सांगते.

पहिला फेरा गप्प. पूर्ण. ट्यून येत असली तरी गप्प. त्या वेळात एवढंच ऐकायचं की चाल कुठे टेकते. कॉर्ड कुठे बदलतो ते नाही बरं का, चाल टेकते कुठे. दुसऱ्या फेऱ्याला फक्त ती टेकायची जागा वाजवायची. तिसऱ्या फेऱ्याला थोडं जास्त, आणि ट्यून बदलली की परत गप्प. म्हणजे बघा, नऊ मिनिटांच्या सेटमध्ये माझा हात जेमतेम तीन-चार मिनिटं चालतो. तुमच्या अभंगात ती टेकायची जागा म्हणजे न्यास, बुवा ओळ संपवून जिथे उभे राहतात तो सूर. तुमच्या वहीतले कॉर्ड फाडून टाका आणि ध्रुवपदाची ओळ कुठे टेकते, अंतरा कुठे टेकतो, एवढे दोन सूर लिहा. वहीत तेवढंच पुरतं.

दुसरं, सा आणि पंचम सोडून तिसऱ्या सुराच्या, गंधाराच्या, वाटेला जायचं नाही. इथल्या ट्यून मेजर आणि मायनरच्या अधेमधे असतात, मोडल, बेसने गंधार ठोकला की ती अधेमधे असण्याची गंमत संपते. भजनात तर गंधार कोमल की शुद्ध हे राग ठरवतो, तुम्ही खालून कशाला निकाल देताय. फक्त तुमच्या मालकंसासारखं असेल तर पंचमाऐवजी मध्यम, तानपुरा लावतात तसंच. भूप रागात उलटं, तिथे मध्यम नाही आणि रॉकवाल्याचा हात चौथ्या सुरावर जायला टपलेलाच असतो, यमनात तो मध्यम तीव्र असतो, म्हणजे तिथेही तुमचा नेहमीचा चौथा चुकीचा. भैरवीत सगळे सूर चालतात, पण ते बुवांना चालतात हं, आपल्याला नाही.

आणि तुम्हाला एक सोपं पडेल असं सांगते, बेस अर्धा स्वर खाली लावा. चारही तारा. म्हणजे जाडीकडून तिसरी तार, एरवीची डी, ती मोकळी वाजवली की काळी एकचा सा येतो, बुवांच्या सा च्या बरोबर एक सप्तक खाली. तिच्या वरची जाड तार मोकळी म्हणजे पंचम. सगळ्यात बारीक तार मोकळी म्हणजे शुद्ध मध्यम. मालकंसाला मोकळा सा आणि मोकळा मध्यम, पंचमाच्या तारेवर अंगठा टेकवून ठेवायचा, वाजणारच नाही. डावा हात जवळजवळ रिकामा राहतो त्यामुळे तो सूर दाबायच्या कामाला लावता येतो. इथे इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) वाजतात त्यांचा सगळ्यात खालचा ड्रोन (सतत चालणारा सूर) आणि बेसची मोकळी डी तार एकच सूर आहे, मी पाइप्सवाल्याबरोबर असते तेव्हा त्या तारेला हातच लावत नाही, तो वाजवतोय ना. तुमच्याकडे एकतारीवाले आजोबा आहेत, त्यांचंही तेच समजा.

अजून एक, इथल्या मोठ्या बँडमध्ये इलेक्ट्रिक बेस आहे की, १९८१ ला डब्लिनमध्ये निघालेल्या मूव्हिंग हार्ट्समध्ये पाइप्सच्या शेजारी इलेक्ट्रिक बेस आणि ड्रम्स होते आणि जबरदस्त होतं ते. पण ते स्टेज. ते ऐकून सेशनला जाऊन तसं वाजवलं की माझ्यासारखं होतं. मंडळाचं भजन आणि थिएटरातला अभंगांचा कार्यक्रम यातही तोच फरक आहे ना, कार्यक्रमात बेसला स्वतंत्र जागा लिहिलेली असते, अरेंजमेंट असते, मंडळात कुणी लिहीत नाही.

हां, आणि मांडी घालून बसणार असाल तर ३४ इंची स्केलचा बेस शेजाऱ्याच्या कानात जातो. मी आता युक्युलेलेच्या आकाराचा छोटा बेस घेतलाय, जाड रबरासारख्या तारांचा, आवाज गोल येतो. तुम्ही लगेच घ्या असं नाही म्हणत, आधी स्पंज लावून बघा, साउंडवाले दादा बरोबर सांगतायत.

फोंड्याचो

गोव्यातून दोन ओळी. मांडो या कोकणी गाण्यांना गिटार, व्हायोलिन, घुमट (मडक्याचं चर्मवाद्य) असतं, चाल मुळातच पाश्चात्य हार्मनीवर बांधलेली, तिथे बेस सुखाने बसतो, मी वाजवलाय. घुमट आरतीला मात्र एकदा बसलो आणि दुसऱ्या आरतीला अँप बंद केला. घुमट, शामेळ (ढोल), कासाळें (झांजा) एवढं चालू असताना मातीच्या मडक्याचा तो खालचा 'घुम्' आहे ना, त्याच्यावर काही घालायचं म्हणजे पाप. तुमच्या पखवाजाला कमीत कमी मधे श्वास तरी असतो.

चारतारी

मंडळी, तीन गुरुवार गेले, रिपोर्ट देतो.

आधी पेटीवाल्या काकांच्या घरी गेलो. विचारायला म्हणून. (गॉलवेच्या ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.) काका खूश झाले, चिवडा दिला, आणि एक गोष्ट कळली. त्यांची पेटी जुनी आहे आणि माझ्या ट्यूनर अ‍ॅपपेक्षा थोडी चढी आहे. म्हणजे मी इतके दिवस अ‍ॅपवर लावून आणायचो आणि पेटीशी कायम किंचित भांडत होतो, घुमण्यातला थोडा भाग त्याचाही असणार. आता काका काळी एक दाबून धरतात, मी मोकळी तार तिच्याशी कानाने मिळवतो, मग बाकीच्या. दोन मिनिटांचं काम, आणि काकांना पण वाटतं की हा आपल्याला विचारून वाजवतोय.

पहिल्या गुरुवारी स्पंज, अंगठा, स्टूल, सगळं केलं, पखवाजवाल्या काकांच्या डाव्या हाताला बसलो. त्यांनी संशयाने बघितलं. पहिले दोन अभंग नुसता ऐकत बसलो, हात मांडीवर, सासरे समोरून खुणा करतायत वाजव की वाजव की. तिसऱ्याला फक्त सम. किती अवघड आहे हो ते! एक सूर वाजवायचा आणि सात मात्रा गप्प बसायचं, बोटं अशी शिवशिवतात की विचारू नका, मी शेवटी उजव्या हाताची बोटं अँपच्या वायरभोवती गुंडाळून बसलो. पाचव्या मात्रेला दोनदा चुकलो. पण पळी गप्प होती.

दुसऱ्या गुरुवारी काकांचा डावा हात बघता बघता एक गंमत कळली, ते प्रत्येक समेला डावा उघडा मारतातच असं नाही. कधी दाबून ठेवतात, आणि मग पुढच्या आवर्तनाला उघडा सोडतात, तेव्हा तो केवढा मोठा वाटतो. मी प्रत्येक समेला ठोकत होतो त्यामुळे त्यांचं ते दाबून ठेवणं वाया जात होतं. मग मी पण त्यांनी दाबला की सोडून द्यायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली, एवढीशी, आणि मुद्दाम दोन आवर्तनं कोरडी काढून तिसऱ्याला डावा मोकळा सोडला, आणि मी पण तिथेच पडलो. अख्ख्या कॉलेजच्या बँडमध्ये असं एकदाही झालं नव्हतं.

काल तिसरा. काल एकतारीवाले आजोबा नातीच्या बारशाला गेले म्हणून आले नव्हते. शेवटी भैरवीच्या आधी बुवा नुसता आलाप घ्यायला लागले, मी कणीकवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे हात मांडीवर, तर बुवांनी डोळे मिटलेलेच ठेवून डाव्या हाताने माझ्याकडे खूण केली, तळवा खाली, सावकाश. मला वाटलं आवाज कमी करा म्हणतायत, मी वाजवतच नव्हतो तर कमी काय करू. सासरे कुजबुजले, "सा द्या, सा." स्पंज काढला, मोकळी तार, अगदी हळू, संपली की परत, संपली की परत. चार-पाच मिनिटं असेल. वीणेकरी काका, त्या चार मिनिटांत मी एकतारीच होतो, तुम्हाला हरकत नसावी.

आता नवी भानगड. पुढच्या गुरुवारी शेजारच्या सोसायटीचं महिला भजनी मंडळ येणार आहे, त्या ताई पांढरी चारला (चौथ्या पांढऱ्या पट्टीला) गातात. माझं सगळं सेटिंग काळी एकचं. परत स्टँडर्डला लावू का? मोकळ्या तारांची सवय झालीय, त्या दिवशी सकाळी घोळ नको.

वीणेकरी

हरकत नाही. खूण केली म्हणजे बुवांची मागणी झाली, मग हौस राहत नाही. महिला मंडळाच्या आधी मात्र त्यांच्या पेटीवालीला विचारा, बुवांना नव्हे.

कणीक_आणि_पाणी

आणि पखवाज की तबला येणार ते पण विचारून ठेवा. तबला असेल तर डग्गा घसटून मींड काढतात, तो खालचा सूर सरकता असतो, तुमचा ठाम सूर त्याच्यावर पडला की दोघंही बेसूर वाटता. तेव्हा समेच्या पुढे जाऊ नका.

पावसाळी_गॉलवे

परत लावू नका दादा. आहे त्या ट्यूनिंगमध्ये पांढरी चारचा सा तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला येतो, तोच वाजवा. सगळ्यात जाड तारेवर दुसऱ्या फ्रेटला त्याच्याही खालचा सा आहे पण बायकांच्या आवाजाखाली तो फार लांब पडतो, मधे नुसती पोकळी राहते. आणि पंचम कुठे येतो सांगू? तिसऱ्या तारेच्या वरच्या जाड तारेवर, त्याच चौथ्या फ्रेटला. तुमचं बोट जिथे आपोआप जातं तिथेच. यावेळी जाऊ दे त्याला.

चारतारी

हाहाहा. मालकंस नाही ना म्हणणार, ते आजच फोन करून विचारतो.